बंधाऱ्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत कसे पुरेल?

प्रश्न: आमच्या नाल्यावर सिमेंट बंधारा आहे. दिवाळीनंतर जवळचे शेतकरी मोटारी लावून कांदा भिजवतात. लांबून पाइपलाइन आणलेल्या आम्हा पंधरा जणांच्या हरभऱ्याला फुलोऱ्यात पाणी उरत नाही. काय करावे?

सल्ला: भाऊ, मोटारी सुरू झाल्यावर वाटणीचे बोलून उपयोग नाही. पेरणीआधीच सगळे बंधाऱ्यावर बसा आणि साठा मोजा. लांबी, सरासरी रुंदी व सरासरी खोली मीटरमध्ये गुणली की घनमीटर मिळतात. तळ सपाट नसतो, म्हणून खोली पाच-सहा ठिकाणी काठी टाकून घ्या. एका एकराला 6 सेंटिमीटर उंचीची एक पाळी (एका वेळचे पाणी) म्हणजे सुमारे 240 घनमीटर पाणी. झिरपा आणि बाष्पीभवन वजा करून उरलेल्या पाण्यात किती पाळ्या बसतात, ते सगळ्यांसमोर मांडा.

त्यावरून पिके ठरवा. हरभऱ्याला फुलोऱ्यात आणि घाटे भरताना अशी दोन पाणी चुकवू नका. गव्हाला एकच पाणी शक्य असेल तर 40-42 व्या दिवशी द्या. कांद्याला सारखे पाणी लागते, तेव्हा त्याला दर कुटुंबामागे क्षेत्राची मर्यादा घाला. हे कठीण वाटेल, पण पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर असे पाणी वाटले. ऊस वर्ज्य ठेवला आणि भूमिहीनांनाही हक्क दिला.

धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम नद्यांवरच्या जुन्या फड पद्धतीतली, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घेण्याच्या रीतीतली, एक गोष्ट तर जरूर उचला. तिथे ज्याने त्याने आपल्या हाताने पाणी घ्यायचे नाही. पाटकरी पाणी देणार, जागल्या राखण करणार, मोबदला शेतकऱ्यांनी द्यायचा. माझ्या मते तुमचा प्रश्न इथेच अडला आहे. बंधाऱ्यावर स्वतःची मोटार नसलेला एक माणूस पगारावर नेमा.

पहिली पाळी सर्वांत लांबच्या शेताला द्या. तीन आणि पाच अश्वशक्तीच्या मोटारींना सारखे तास देऊ नका. शेतातल्या पाइपच्या तोंडावर 200 लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते पाहून तास ठरवा. वीज गेली तर बुडालेले तास त्याच शेतकऱ्याला पुढे मिळतील, हेही वहीत आधीच लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.