जबड्यालाही फिजिओथेरपी असते का? हो, आणि दातांना हात लावायच्या आधी तीच करून बघा

प्रश्न असा आहे: तीन महिन्यांपासून उजव्या कानाच्या पुढे दुखतंय, तोंड उघडताना कट्ट आवाज येतो, सकाळी उठल्यावर जबडा जड असतो. ईएनटीवाले म्हणाले कान एकदम चांगला आहे. एक डेंटिस्ट म्हणाले नाइट गार्ड (रात्री दातांवर घालायचं कव्हर) बनवू आणि मग दात थोडे ग्राइंड करून, म्हणजे घासून, बाइट (वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकण्याची ठेवण) बसवू, दुसऱ्या म्हणाल्या आधी फिजिओथेरपी कर. वय २७, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू आहे. जबड्याची फिजिओथेरपी खरंच असते का, काय करतात त्यात?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, विदर्भात प्रॅक्टिस करते. गुडघा, कंबर, खांदा हे रोजचंच, पण जबड्याचे पेशंट पण बरेच येतात आणि जवळजवळ सगळे तुमच्यासारखेच फिरून फिरून येतात, आधी कानाचे डॉक्टर, मग दाताचे, मग कुणीतरी मायग्रेन म्हणून गोळ्या दिलेल्या असतात. म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी हे समजून घ्या की जबडा हा पण सांधाच आहे. दोन्ही कानांच्या बरोबर पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा, बोटाखाली जे हलतं तेच ते. टेम्पोरोमॅन्डिब्युलर जॉइंट म्हणतात, सगळे टीएमजेच म्हणतात. कानाला इतका चिकटून आहे की दुखणं कानातच आहे असं वाटतं, त्यामुळे ईएनटीकडे गेलात ते बरोबरच केलंत. सांध्याच्या आत एक छोटी चकती असते, तोंड उघडताना जबड्याचं हाड आधी जागेवर फिरतं आणि मग पुढे सरकतं, आणि चकतीने पण त्याच्यासोबत सरकायचं असतं. चकती थोडी पुढे निसटलेली असेल तर हाड परत तिच्यावर चढताना कट्ट वाजतं. बस, तो आवाज एवढाच. नुसता आवाज आहे, दुखत नाही, तोंड नीट उघडतं, अशा माणसाला उपचाराची काही गरज नसते, आणि काहीच त्रास नसलेल्या कित्येक लोकांच्या एमआरआयमध्ये सुद्धा चकती सरकलेली दिसते. त्यामुळे आवाज घालवणं हे आपलं टार्गेट ठेवूच नका. दुखणं कमी होणं, तोंड पूर्ण उघडणं आणि नीट जेवता येणं हे टार्गेट.

आणि बहुतेक वेळा जास्त दुखतात ते सांध्यापेक्षा स्नायू. गालातला मॅसेटर, कानशिलावरचा टेम्पोरॅलिस, आणि आत दडलेले दोन टेरिगॉइड. तुमचं वर्णन वाचून (सकाळी जड, अभ्यासाचे दिवस) मला पहिली शंका त्यांचीच येते, अर्थात तपासल्याशिवाय नक्की म्हणणार नाही. आता एक करून बघा, हाताची मूठ घट्ट आवळा आणि हे उत्तर संपेपर्यंत तशीच ठेवा, कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून येईल ना? जबड्याच्या स्नायूंचंही तेच होतं. अभ्यास करताना, स्क्रीनकडे बघताना, टेन्शनमध्ये, गाडी चालवताना लोक तासन् तास वरचे-खालचे दात टेकवून बसलेले असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. रात्री झोपेत दात खाणारे वेगळे. दातांना दात टेकायची खरी गरज फक्त चावताना आणि गिळताना, बाकी पूर्ण दिवस ते सुटे असायला हवेत.

म्हणून माझ्याकडे आलेल्या पेशंटला मी पहिल्या दिवशी मशीन लावत नाही, हे शिकवते: ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला हलकं टेकलेलं, श्वास नाकाने. ही जबड्याची विश्रांतीची पोझिशन. ऐकायला फारच साधं वाटतं आणि लोकांचं तोंड उतरतं की एवढ्यासाठी आलो का, पण अख्ख्या ट्रीटमेंटमध्ये सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो असं माझं ठाम मत आहे. लक्षात कसं राहणार? मोबाइलच्या मागे, पुस्तकाच्या कोपऱ्यात, आरशावर एकेक रंगीत टिकली लावा, ती दिसली की दात कुठे आहेत ते बघायचं आणि सोडायचे. पहिल्या आठवड्यात दर वेळी दात टेकलेलेच सापडतील, घाबरू नका, ते सापडणं हाच अर्धा उपचार आहे.

आता क्लिनिकमध्ये काय होतं ते सांगते म्हणजे जाताना भीती वाटणार नाही. आधी भरपूर प्रश्न, मग पट्टीने वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर मोजतो. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, घरी मोजायचं तर स्वतःची तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत. उघडताना हनुवटी सरळ खाली येते की एका बाजूला जाते ते बघतो. स्नायू दाबून बघतो, मान तपासतो. मान का असं सगळे विचारतात, तर मानेच्या वरच्या भागातल्या नसा आणि चेहऱ्याची नस यांचे सिग्नल मेंदूकडे जाताना एकाच ठिकाणी एकत्र येतात, त्यामुळे मानेचं दुखणं कानशिलात आणि जबड्यात जाणवू शकतं. पुस्तकावर वाकून दहा-दहा तास बसणाऱ्यांची मान तपासली नाही तर ती तपासणी अर्धीच.

मग हाताने करायचे उपचार. गालावरून स्नायू मोकळे करतो, आणि काही वेळा ग्लोव्ह घालून अंगठा तोंडाच्या आत खालच्या दाढांवर ठेवून सांधा हळूच खाली ओढतो, किंवा गालाच्या आतून स्नायूंच्या आवळलेल्या गाठी दाबतो. हे करायच्या आधी थेरपिस्टने तुम्हाला नीट समजावून सांगायला आणि परवानगी विचारायला हवी, आणि तुम्ही हात वर केला की लगेच थांबायला हवं. न विचारता कुणी तोंडात बोट घालत असेल तर तिथून उठा, त्यात संकोच नको. थोडं दुखतं पण सहन होण्यासारखं, आणि नंतर तोंड हलकं वाटायला हवं. जोरात झटका देऊन जबडा 'बसवून' देणाऱ्यांकडे मात्र अजिबात जाऊ नका, कितीही नाव ऐकलं असलं तरी. अल्ट्रासाउंड, टेन्स, ज्याला लोक करंट म्हणतात, ते दुखणं जास्त असेल तेव्हा थोडा आराम देऊ शकतं, पण दहा दिवस नुसतं मशीन लावून घरी पाठवत असतील आणि एकही व्यायाम शिकवला नसेल तर ती जबड्याची फिजिओथेरपी नाही झाली.

व्यायाम फार अवघड नाहीत. आरशासमोर बसायचं, जीभ टाळूला लावून ठेवायची आणि जीभ न सोडता जितकं उघडेल तितकंच तोंड उघडायचं, सरळ रेषेत, हळू. मग हनुवटीखाली अंगठा ठेवून अगदी हलका विरोध देत उघडायचं. हनुवटी किंचित आत घेऊन मान लांब करायची, खांदे मागे. चिलीचे मारियानो रोकाबाडो म्हणून फिजिओथेरपिस्ट, त्यांचा सहा व्यायाम, प्रत्येक सहा वेळा, दिवसातून सहा वेळा असा प्रोग्राम जगभर वापरतात. सगळ्यांना सहाच्या सहा लागतात असं नाही, पण त्यातलं तत्त्व मला फार पटतं, थोडं थोडं आणि वारंवार. सकाळी एकदाच अर्धा तास जोर लावून जबडा ताणला तर तो संध्याकाळी ठणकणारच.

घरी ओला गरम शेक घ्या, टॉवेल गरम पाण्यात पिळून गालावर आणि कानशिलावर दहा-पंधरा मिनिटं. जास्त दुखतंय त्या दिवसांत चिक्की, ऊस, कणीस, कडक भाकरी, च्युइंगगम बंद, भाकरी खायचीच तर आमटीत नाहीतर दुधात कुस्करून. वडापावला एवढं मोठं तोंड उघडायचं नाही, तुकडे करून खा. जांभई आली की जीभ टाळूला दाबा किंवा हनुवटीखाली मूठ धरा. पेनाचं टोपण चावणं, नखं खाणं, हनुवटी तळहातावर टेकवून वाचणं, फोन खांद्यात धरून बोलणं, पालथं झोपणं, हे सगळं बघा तुमच्यात काय काय आहे ते. एकाच बाजूने चावायची सवय असेल तर का आहे तेही बघा, बऱ्याचदा दुसऱ्या बाजूला किडलेली दाढ निघते आणि मग डेंटिस्टचंच काम असतं ते. एक राहिलं, डिप्रेशन किंवा अँग्झायटीच्या काही गोळ्यांनी दात खाणं वाढू शकतं, अशी गोळी चालू असेल तर देणाऱ्या डॉक्टरांना हे सांगा, स्वतःहून बंद करू नका.

आता नाइट गार्ड आणि दात ग्राइंड करणं. यामागे जुना इतिहास आहे. अमेरिकेतले जेम्स कॉस्टेन नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर, त्यांनी १९३४ साली मांडलं की मागचे दात गेल्याने बाइट बिघडते, सांध्यावर दाब येतो आणि म्हणून कान आणि जबडा दुखतो. तेव्हापासून कित्येक दशकं सगळा दोष बाइटवरच टाकला गेला आणि लोकांचे चांगले दात घासले गेले. पुढच्या अभ्यासात ते तसं टिकलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये जुनाट टीएमजे दुखण्यावर गाइडलाइन आली, त्यात ठामपणे शिफारस कशाची आहे तर थेरपिस्टच्या देखरेखीखाली जबड्याचे आणि पोश्चरचे व्यायाम, हाताने सांधा मोकळा करणं, स्नायूंच्या गाठींवर काम, पेशंटला नीट समजावून सांगणं आणि टेन्शन, वेदना हाताळायला शिकवणारी मानसोपचाराची थेरपी. काढता येणारे स्प्लिंट, म्हणजे नाइट गार्ड सारखे, त्याच्या बाजूने ती गाइडलाइन नाही, आणि दात-जबड्यात कायमचा बदल करणाऱ्या स्प्लिंटच्या तर ठाम विरोधात आहे. याचा अर्थ नाइट गार्ड फेकून द्या असा नाही. रात्री दात खाऊन ते झिजत असतील तर दात वाचवायला गार्ड उपयोगी आहे, डेंटिस्टना विचारा की झीज दिसते का. पण दुखणं घालवायला म्हणून दात ग्राइंड करायचे असतील तर थांबा, कृपा करून थांबा, घासलेला दात परत येत नाही. आधी दीड-दोन महिने व्यायाम मनापासून करून बघा, स्नायूंचं दुखणं असेल तर साधारण चार ते सहा आठवड्यांत बराच फरक कळायला लागतो.

काही गोष्टी मात्र फिजिओकडे यायच्याच नसतात. जबड्याचा कट्ट आवाज एकदम बंद झाला आणि त्याच दिवशी तोंड दोन बोटंच उघडायला लागलं तर चकती अडकलेली असू शकते, लवकर दाखवा. जांभई देताना तोंड उघडंच राहिलं तर सरळ कॅज्युअल्टी. ताप, गालाला सूज, दात ठणकतोय तर डेंटिस्ट. जखम झाल्यानंतर काही दिवसांनी दातखीळ बसायला लागली तर धनुर्वाताची शक्यता असते, लगेच हॉस्पिटल. जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर दुखणं जातं, सोबत छातीत जड, घाम, तर हृदय आधी तपासा, आणि हे दुखणं बसल्या जागी सुरू होऊन थांबतच नसेल तर वाट न बघता इमर्जन्सी. पन्नाशीनंतर नवीन डोकेदुखी, चावताना जबडा भरून येणं आणि नजर धूसर, तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि हे तुमच्यासाठी नसेल, पण इतरही वाचतील म्हणून लिहिते कारण आमच्याकडे हे रोज दिसतं. तोंड हळूहळू कमी उघडतंय, तिखट लागलं की आग होते, गाल आतून कडक पांढरट झालेत आणि खर्रा, मावा, गुटखा किंवा नुसती सुपारी खाण्याची सवय आहे, तर तो टीएमजे नाही. ते ओरल सबम्युकस फायब्रोसिस, सुपारीमुळे होतं, आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे पण खर्रा घोटून देणारी टपरी प्रत्येक चौकात आहे, विशी-बाविशीची पोरं येतात ज्यांच्या तोंडात एकच बोट जातं. खूप वाईट वाटतं. त्यांनी आधी डेंटल कॉलेजला दाखवायचं, आमच्या नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबईत नायर डेंटल आहे. सुपारी पूर्ण बंद केल्याशिवाय बाकी कशाचाच उपयोग नाही, मग आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून रोज तोंड उघडायचा व्यायाम आम्ही शिकवतो, आणि तोंडाची तपासणी नियमित चालू ठेवायची. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, रेडिएशन होणाऱ्यांनी पण हे व्यायाम कधी सुरू करायचे ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, तोंड पूर्ण आवळून गेल्यावर मिळवणं फार कठीण जातं.

तुम्ही फिजिओ शोधताना फोनवरच विचारा की जबड्याचे पेशंट बघता का, सगळेच बघत नाहीत. रजिस्ट्रेशन नंबर विचारायलाही लाजू नका. सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा जाणं पुरतं, बाकी काम घरचं.

बरं वाटल्यावरही परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात दुखणं परत डोकं वर काढेल बहुतेक. तेव्हा लगेच एमआरआय काढायला धावू नका. चार-पाच दिवस मऊ खा, शेक वाढवा, व्यायाम बंद न करता निम्मे करा, टिकल्या नवीन जागी लावा कारण जुन्यांकडे आता नजर जात नसेल, आणि दोन आठवड्यांत उतरलं नाही किंवा तोंड कमी उघडायला लागलं तर दाखवायला जा.