सोमवारी त्याला प्रेसवर पाठवू नका

प्रश्न : माझ्या मुलाला यंदा दहावीला 52 टक्के मिळाले. मोठ्या मुलीला 91 होते, ती इंजिनिअरिंगला आहे. हा मात्र अभ्यास सोडून तेलाच्या डब्यांचे पत्रे कापायचा आणि आकाशकंदील, फनेल असलं काहीतरी करत बसायचा. निकाल लागल्यावर भोसरीतल्या एका ओळखीच्या शेठकडे त्याला अप्रेंटिस म्हणून लावलंय. पस्तीस-चाळीस माणसांचं पत्राकामाचं शॉप आहे. तिथे तो पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर, जॉब (सुटे भाग) काढतो. महिन्याला चार हजार रोख मिळतात, वर नगावर थोडेफार. कधी रात्रपाळीही असते. शेठ म्हणाले, कागद नंतर करू, वर्षभर टिकला तर परमनंट करतो. प्रेसचा सेन्सर बंद ठेवतात असं मुलगा सांगतो, पण तो मुळातच घाबरट आहे. हात काळे झाले की शिक्षणाची किंमत कळेल, असं मला वाटतं. वय सोळा पूर्ण. त्याला डिप्लोमाला मॅनेजमेंट कोट्यातून घालावं की पत्राकामाचं आयटीआय करू द्यावं?
– एक पालक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : नमस्कार. डिप्लोमा की आयटीआय, याचं उत्तर पुढे देते. पण त्याआधी, येत्या सोमवारी मुलाला त्या प्रेसवर पाठवू नका. शेठला काय वाटेल, ओळखीचं काय होईल, हे नंतर बघता येईल.

सेन्सरचं वाक्य तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय आणि लगेच मुलाला घाबरट ठरवलंय. तो घाबरट नाही. त्या शॉपमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्याने नेमकी टिपली आणि घरी येऊन बापाला सांगितली. प्रेसला सेन्सर का असतो, ते समजून घ्या. पंच (वरून दाबणारा ठसा) खाली येत असताना हात डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, असला तर मशीन थांबावं, एवढ्यासाठीच तो असतो. दोन बटणंही त्याचसाठी, म्हणजे दोन्ही हात गुंतलेले राहतात आणि डायपासून लांब राहतात. ही सोय बंद केली की पत्रा आत सरकवणारा हात आणि खाली येणारा पंच यांच्यामध्ये फक्त मुलाचं लक्ष उरतं. त्यात रात्रपाळी, त्यात नगावर पैसे. सेफ इन इंडिया ही संस्था वाहनउद्योगाला माल पुरवणाऱ्या कारखान्यांतल्या अपघातांवर 2019 पासून अहवाल काढते. बोटं चिरडल्याच्या नोंदींत पॉवर प्रेस पुन्हा पुन्हा येतो. आणि तुटलेलं बोट सप्लिमेंटरी परीक्षा देऊन परत मिळत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलाला धोकादायक यंत्रावर उभं करायचं असेल तर आधी त्या यंत्राचे धोके पूर्ण समजावून सांगावे लागतात, पुरेसं प्रशिक्षण द्यावं लागतं आणि अनुभवी माणूस देखरेखीला ठेवावा लागतो. 1948 च्या कारखाना कायद्यापासून हे चालत आलंय. तुमच्या मुलाला कोणी, किती दिवस शिकवलं? पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही.

आता त्या अप्रेंटिसशिपबद्दल. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा आहे. त्यानुसार मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार व्हावा लागतो, उमेदवार अल्पवयीन असेल तर त्यावर पालकाची सही लागते आणि कराराची सरकारकडे नोंदणी होते. हल्ली हे सगळं सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर होतं. तुम्ही कशावरही सही केलेली नाही, म्हणजे तुमचा मुलगा अप्रेंटिस नाही. मग कायद्याच्या नजरेत तो कोण? कामगार. आणि कामगार असेल तर त्याला किमान वेतन लागू होतं, चार हजार रोख नव्हे. पगाराची वेळ आली की तो शिकाऊ आणि उत्पादनाची वेळ आली की तो ऑपरेटर, अशी दोन्हीकडची सोय शेठनी करून ठेवली आहे. तुमच्या ओळखीमुळे ती त्यांना सहज मिळाली.

खरा करार असता तर काय झालं असतं, ते ओळीने बघा. 2019 च्या नियमांप्रमाणे दहावी पास उमेदवाराला महिना किमान सहा हजार विद्यावेतन आहे. हे दर वाढवण्याची शिफारस 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने केली आहे, म्हणून करार करताना त्या दिवशी लागू असलेला आकडा बघून घ्यायचा. नगावर पैसे देता येत नाहीत. अप्रेंटिसला पीसवर्कवर ठेवायला कायद्यानेच मनाई आहे, आणि ती योग्यच आहे, कारण शिकणारा हात सावकाश चालला पाहिजे. ओव्हरटाइम सरकारी अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या परवानगीशिवाय नाही. सुट्ट्या त्या आस्थापनेत असतील तशा. कामावर दुखापत झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. थेट शाळेतून आलेल्या मुलाला आधी बेसिक ट्रेनिंग द्यावं लागतं, पहिल्या आठवड्यात प्रेसवर उभं करता येत नाही. आणि ज्या आस्थापनेत तीस किंवा जास्त माणसं आहेत, तिला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. म्हणजे पस्तीस-चाळीस माणसांच्या शॉपला नोंदणीकृत अप्रेंटिस घेणं बंधनकारकच आहे. शेठ तुमच्यावर उपकार करत नाहीयेत.

‘वर्षभर टिकला तर परमनंट’ हे वाक्य मला दर वर्षी कितीतरी पत्रांत दिसतं, त्यामुळे त्यावर जरा थांबते. अप्रेंटिसशिप ही नोकरीची पहिली पायरी आहे, असं आपल्याकडे घराघरांत मानतात. कायदा तसं म्हणत नाही. कायद्याने अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. नोकरी द्यायची अट करारातच लिहिली असेल तर गोष्ट वेगळी, पण ती लिहिलेली पाहिजे. अप्रेंटिसशिपमधून नक्की मिळतं ते वेगळंच असतं. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा देता येते आणि त्यातून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. ते भोसरीतही चालतं आणि चेन्नईतही, रेल्वेच्या काही भरतींतही उपयोगी पडतं. कागद ‘नंतर’ केले तर हे प्रमाणपत्रही नाही, कारण नोंदणी नसलेल्या वर्षाची परीक्षा कोणी घेत नाही. परमनंटच्या आशेवर मुलगा वर्षभर राबेल आणि बाहेर पडताना त्याच्या हातात एक ओळीचंही काही नसेल.

आता तुमच्याबद्दल थोडं, आणि स्पष्टच. ‘हात काळे झाले की शिक्षणाची किंमत कळेल’ असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे तुम्ही त्याला शिकायला पाठवलेलं नाही, 52 टक्क्यांची शिक्षा भोगायला पाठवलंय. म्हणूनच त्या शॉपमध्ये काय चाललंय हे विचारावंसं तुम्हाला वाटलं नाही, कारण शिक्षा सुखाची असावी अशी कोणाची अपेक्षा नसते. पत्राकाम हे लाखो लोकांचं सन्मानाचं काम आहे. ज्या बसमधून तुम्ही कामाला जाता तिची बॉडी, ऑफिसातल्या एसीचे डक्ट, रुग्णालयातल्या स्टीलच्या ट्रॉल्या, हे सगळं काळ्या हातांनीच झालंय. त्या कामाला तुम्ही घरात धमकीसारखं वापरलंत. याचा परिणाम असा होतो की मुलाला ते काम खरोखर आवडत असलं तरी तो ते कधी कबूल करणार नाही. आवडलं म्हटलं तर शिक्षेत मन रमलं असं होईल ना! आणि ताईचे 91 त्याच्यासमोर किती वेळा काढलेत, ते तुमचं तुम्हाला माहीत.

मला तुमच्या पत्रातले तेलाचे डबे महत्त्वाचे वाटतात. सपाट पत्रा कापून त्याचं फनेल करायचं तर ते उलगडल्यावर कसं दिसेल हे आधी मनात यावं लागतं. शंकूचा वरचा तुकडा कापून टाकला की उरलेला पृष्ठभाग कागदावर कमानीसारखा पसरतो, आणि जोडाला किती पत्रा जास्त सोडायचा, कड कुठे दुमडायची, हेही ठरवावं लागतं. आयटीआयच्या शीट मेटल वर्करच्या वर्गात याला डेव्हलपमेंट म्हणतात आणि भल्याभल्यांना ते पटकन जमत नाही. तुमचा मुलगा ते कोणी न शिकवता, कात्रीने करत होता. पुढे हेच डोकं प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या यंत्रावर) बेंड अलाउन्स, म्हणजे दुमडीसाठी धरायची पत्र्याची लांबी, काढताना लागतं, लेझर कटिंगसाठी ड्रॉइंग करताना लागतं. पॉवर प्रेसवर तासन्‌तास एकच जॉब काढताना यातलं काहीही लागत नाही. त्या शॉपमध्ये तो पत्राकाम शिकत नव्हता, हे माझं दुसरं मोठं दुखणं आहे.

तर तुमचा मूळ प्रश्न. शीट मेटल वर्कर हा आयटीआयचा एक वर्षाचा ट्रेड आहे, प्रवेश राज्याच्या ऑनलाइन केंद्रीय प्रक्रियेतून होतो. डिप्लोमाला दहावीला 35 टक्के पुरतात, त्यामुळे 52 वर नियमित फेऱ्यांत अर्ज करता येतो. मॅनेजमेंट कोट्याचे पैसे आत्ता तरी बाजूला ठेवा. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या: आयटीआय करून थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जायचं तर दोन वर्षांचा ट्रेड लागतो. एका वर्षाच्या ट्रेडवर तो रस्ता मिळत नाही. त्यामुळे पुढे डिप्लोमाची इच्छा असेल तर फिटर किंवा टूल अँड डाय मेकर बघा, आणि पत्र्यातच हात बसवायचा असेल तर शीट मेटल करून मग वर्षाची नोंदणीकृत अप्रेंटिसशिप. यातलं काय, हे मी सांगणार नाही आणि तुम्हीही ठरवू नका. त्याच्याशी बोलून पत्र लिहिलंय असं मला कुठे दिसलं नाही.

या आठवड्यात एवढं करा. शेठना सांगा की मुलगा करार झाल्याशिवाय येणार नाही, आणि झालेल्या दिवसांचे पैसे किमान वेतनाने मागा. जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये अप्रेंटिसशिपचं काम बघणारं केंद्र असतं, तिथे मुलाला घेऊन जा आणि जवळपासच्या कोणत्या कंपन्यांनी शीट मेटलच्या जागा पोर्टलवर टाकल्या आहेत ते विचारा. सेन्सर बंद ठेवल्याची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते. ओळख आहे म्हणून हे टाळू नका. तुमचा मुलगा निघाला तरी त्या प्रेसवर उद्या दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा उभा राहणार आहे.

आणि आयटीआयचा अर्ज भरायला बसाल तेव्हा ट्रेडचा पसंतीक्रम त्याला स्वतःला भरू द्या. पहिल्या नंबरवर त्याने शीट मेटल टाकलं तर ते बदलू नका.