ब्राउझर पुन्हा उघडला की विंडो दरवेळी थोडी वर सरकते. तीनदा दुरुस्त करूनही बग परत येतोय, कुठून बघायला घेऊ?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलेलं असं: एका मुक्तस्रोत ब्राउझरच्या फोर्कमधला (म्हणजे मूळ कोड घेऊन वेगळ्या केलेल्या आवृत्तीतला) विंडो सांभाळणारा कोड तुमच्या गळ्यात पडलाय. विंडोज १० वापरणाऱ्या काही जणांकडे ब्राउझर बंद करून उघडला की विंडो आधीपेक्षा वर असते. तुमच्या विंडोज ११ च्या मशीनवर काहीच होत नाही, आणि दुरुस्तीचा पॅच गेला की थोड्याच दिवसांत कुणीतरी तक्रार पुन्हा उघडतं. मी बरीच वर्षं याच भागात काम केलंय. हाच बग मी एकदा दुरुस्त केला, नंतर स्वतःच परत घातला आणि पुन्हा दुरुस्त केला, त्यामुळे संकोच नको.

कोडला हात लावण्याआधी एक आकडा मिळवा: विंडो दरवेळी नेमकी किती पिक्सेल सरकते? 'थोडी' हे उत्तर चालणार नाही. तक्रार करणाऱ्याला सांगा की ब्राउझर बंद करा, प्रोफाइलमधली (ब्राउझर त्या माणसाच्या सेटिंग्ज जिथे ठेवतो त्या फोल्डरमधली) फाइल उघडून विंडोची जागा लिहून घ्या, ब्राउझर उघडा, विंडो न हलवता बंद करा, पुन्हा आकडा लिहा. असं तीनदा. तुमचा फोर्क क्रोमियमवरचा, म्हणजे क्रोम ज्या मुक्त कोडवर बनतो त्यावरचा, असेल तर हे आकडे 'प्रेफरन्सेस' फाइलमध्ये 'विंडो प्लेसमेंट'खाली सापडतील. फायरफॉक्सवरचा असेल तर 'एक्सयूएलस्टोअर' नावाच्या जेसन फाइलमध्ये.

वरच्या कडेचा आकडा १६०, मग १२०, मग ८० असा उतरत आला तर चोर जवळपास सापडलाच. १०० टक्के स्केलवर (स्केल म्हणजे स्क्रीनवरचं सगळं किती मोठं दाखवायचं ते) विंडोज १० च्या टास्कबारची उंची ४० पिक्सेल असते. त्या माणसाला विचारा, टास्कबार स्क्रीनच्या वरच्या कडेला ठेवलाय का? बहुतेक 'हो' म्हणेल. तुमच्याकडे बग दिसत नाही तोही त्यामुळेच: २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा टास्कबार वर नेण्याची सोयच त्यातून काढलेली होती. तुमच्या मशीनवर तो खालीच बसलाय, म्हणजे फरक शून्य.

होतं काय, ते जरा नीट सांगतो. विंडोजकडून विंडोची जागा विचारायचे दोन रस्ते आहेत, दोन्ही विंडोजचीच फंक्शन्स. 'गेट-विंडो-रेक्ट' स्क्रीनच्या मापात सांगतं, म्हणजे शून्य हे प्रायमरी मॉनिटरच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. 'गेट-विंडो-प्लेसमेंट' मात्र साध्या विंडोसाठी 'वर्कस्पेस'च्या मापात सांगतं, म्हणजे टास्कबार वजा करून उरलेल्या जागेचा कोपरा शून्य. टास्कबार खाली किंवा उजवीकडे असेल तर दोन्ही कोपरे एकच, म्हणून ही गल्लत वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. टास्कबार वर असेल आणि विंडो स्क्रीनच्या मापात १६० वर असेल तर प्लेसमेंट १२० सांगतं. तुमच्या कोडने ते १२० जपून ठेवलं आणि पुढच्या वेळी 'सेट-विंडो-पॉस'ला दिलं, जे स्क्रीनच्या मापात ऐकतं. विंडो १२० वर गेली. पुढच्या खेपेला ८०.

मग प्लेसमेंट सोडून सगळीकडे रेक्टच का वापरू नये? कारण मिनिमाइझ केलेली विंडो विंडोज उणे ३२००० वर नेऊन ठेवतं. कुणी टास्कबारवरूनच ब्राउझर बंद केला की तो आकडा फाइलमध्ये जातो आणि पुढच्या वेळी 'ब्राउझर उघडतच नाही' अशी तक्रार येते. उघडलेला असतो, पण स्क्रीनच्या कितीतरी बाहेर. मी बग परत घातला तो असाच: उणे ३२००० ची तक्रार मिटवायला रेक्टच्या जागी प्लेसमेंट आणलं, आणि सरकणं जिवंत झालं. तुमच्या तीन पॅचपैकी एखादा असाच दोन बगांमधला झोका असेल. जुने बदल काढून बघा.

खरी दुरुस्ती छोटी आहे. जागा प्लेसमेंटकडूनच घ्या आणि जपण्याआधी तिच्यात वर्क एरियाचा (टास्कबार वगळून उरलेल्या जागेचा) कोपरा वजा मॉनिटरचा कोपरा एवढा फरक मिळवा. क्रोमियमचा मूळ कोड हेच करतो. फक्त मॉनिटर कोणता, ते तपासा: विंडो ज्यावर आहे तो, प्रायमरी नव्हे. आणि ४० हा आकडा कोडमध्ये लिहू नका. मी असा पॅच रिव्ह्यूमध्ये पाहिलाय. १५० टक्के स्केलवर त्याचे ६० होतात आणि तक्रार परत दारात. शिवाय स्क्रीनच्या कडेला चिकटणाऱ्या इतर पट्ट्याही वर्क एरिया खातात, त्यांची उंची कोण सांगणार?

आता समजा आकडा ४० नाही. तरी हीच मोजणी कामाला येते, कारण माझ्या अनुभवात सरकण्याचं माप बहुतेक वेळा कोणत्या दोन मापपद्धतींची सरमिसळ झालीय ते सांगतं. विंडो दरवेळी रुंदीला १४ आणि उंचीला ७ पिक्सेलने आकसत असेल, तर ती विंडोज १० पासूनची अदृश्य किनार आहे: डावीकडे, उजवीकडे आणि खाली १०० टक्क्यांना ७-७ पिक्सेल. कुणीतरी डोळ्यांना दिसणारी चौकट जपतंय आणि अदृश्य किनारीसकट लावतंय. लिनक्सवर एक्स११ (स्क्रीनवर विंडो दाखवणारी जुनी व्यवस्था) मध्ये विंडो उलट खाली सरकत जाते, टायटलबारच्या उंचीइतकी, कारण आतल्या भागाची जागा जपून ती बाहेरच्या चौकटीला दिली जाते. आणि फरक बेरजेचा नसून गुणाकाराचा असेल, म्हणजे ८००, १०००, १२५०, तर स्केलिंगचा गुणक एकाच बाजूला लागतोय. मॅकवर उभं अंतर (y) वरून नाही, खालून मोजतात, पण तिथली चूक इतकी ढळढळीत दिसते की ती फार दिवस टिकत नाही.

वेलँडवर, म्हणजे लिनक्सवरच्या एक्स११ च्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेवर, जागा लक्षात राहत नाही अशी तक्रार आली तर तिच्यावर वेळ घालवू नका. तिथे प्रोग्रॅमला आपली विंडो स्क्रीनवर कुठे आहे हे कळतच नाही, ठरवताही येत नाही. ते काम कंपोझिटरचं, म्हणजे सगळ्या विंडो स्क्रीनवर मांडणाऱ्या प्रोग्रॅमचं. फक्त एक करा: वेलँडमध्ये मिळणारे शून्य-शून्य फाइलमध्ये लिहू नका. तोच माणूस उद्या एक्स११ मध्ये लॉगिन करेल आणि त्याची जपलेली जागा तुम्ही पुसलेली असेल.

याच भागात तुम्ही नवीन असाल तर आणखी एक गोष्ट पाहून ठेवा, कारण 'साफसफाई' करताना हमखास इथेच हात भाजतो. 'सेट-विंडो-पॉस' बोलावलं की ते परत यायच्या आधीच विंडोज तुमच्याच विंडोला 'जागा बदलली' असा निरोप पाठवतं. तो निरोप ऐकून तुमच्याच कोडमधलं कुणीतरी मांडणी बदलतं, आणखी कुणीतरी विंडोच बंद करतं, आणि फंक्शन परत येतं तेव्हा ज्या ऑब्जेक्टमध्ये तुम्ही उभे होतात तो मेमरीतून गेलेला असतो. म्हणून क्रोमियमच्या या कोडमध्ये जागोजागी आधी वीक पॉइंटर (ऑब्जेक्ट गेला की आपोआप रिकामा होणारा संदर्भ) घेतलेला आणि नंतर 'तो रिकामा झाला असेल तर इथूनच परत फिरा' अशी ओळ दिसते. फायरफॉक्समध्ये त्याच कामाला स्वतःचाच एक संदर्भ धरून ठेवतात आणि त्या व्हेरिएबलचं नाव चक्क 'कुंग-फू-डेथ-ग्रिप' आहे. पुढे कुठेच वापरलेलं नाही म्हणून कुणी उत्साहात ते काढायला जातं. काढू नका. तिथे घट्ट पकडून ठेवणं एवढंच त्याचं काम.

वेगवेगळ्या स्केलच्या दोन मॉनिटरमध्ये विंडो ओढताना ती मधेच थरथरत असेल तर 'डीपीआय (म्हणजे स्केल) बदलला' या निरोपासोबत विंडोज जो आयत सुचवतं तोच घ्या. आम्ही शहाणपणा करून स्वतःचा आयत काढत होतो. नव्या आकारामुळे विंडोचा मोठा भाग परत पहिल्या मॉनिटरवर जायचा, तिथून पुन्हा निरोप, पुन्हा नवा आकार. दुरुस्ती म्हणजे आमचा हिशेब पुसणं, दुसरं काही नाही.

चाचण्यांचं म्हणाल तर ऑटोमेशनच्या मशीनवर सहसा एकच मॉनिटर, १०० टक्के स्केल आणि टास्कबार खाली असतो. वर लिहिलेल्यातलं बहुतेक काहीच तिथे पकडलं जाणार नाही. जागेचा हिशेब वेगळ्या फंक्शनमध्ये काढा, ज्याला मॉनिटर आणि वर्क एरिया बाहेरून देता येतील. मग टास्कबार वर, टास्कबार डावीकडे, डावीकडचा मॉनिटर ऋण आकड्यांत, जपलेल्या जागेचा मॉनिटरच काढून टाकलेला, अशा खोट्या मांडण्या देऊन तपासता येतं. शेवटच्या मांडणीत अख्खी विंडो दिसलीच पाहिजे असा हट्ट नको. टायटलबार माउसने पकडता येईल एवढा दिसला तरी पुरे, नाहीतर मुद्दाम अर्धी बाहेर ठेवणारे लोक तक्रार घेऊन येतील.

आधी ते तीन आकडे मागवा. ४०, ७ किंवा टायटलबारची उंची यांपैकी काहीच जुळत नसेल तर स्केल किती, मॉनिटर किती आणि टास्कबार कुठे हे सगळं इथेच खाली टाका, मी बघतो.