मुरमांच्या खड्ड्यांसाठी लेझर करून घेण्यापूर्वी आणि नंतर कोणती काळजी घ्यावी?

गालांवरील मुरमांच्या खड्ड्यांसाठी फ्रॅक्शनल लेझर सुचवले आहे, पण रंग सावळा असल्याने डाग पडतील का, अशी भीती तुम्ही व्यक्त केली आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या हाताखाली परिचारिका म्हणून काम करताना हा प्रश्न मी नेहमी ऐकते, आणि ही भीती अनाठायी नाही. सावळ्या त्वचेत मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारे द्रव्य, तयार करणाऱ्या पेशी अधिक सक्रिय असतात. उष्णतेने दाह झाला की मेलॅनिन जास्त प्रमाणात तयार होते आणि महिनोन्‌महिने टिकणारे काळे डाग पडू शकतात. म्हणूनच माझ्या मते यंत्र किती नवे आहे यापेक्षा तुमची त्वचा त्या दिवशी कोणत्या अवस्थेत आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

उपचाराआधी किमान चार आठवडे ऊन कटाक्षाने टाळा. त्वचा उन्हाने रापलेली असेल तर तारीख पुढे ढकलायला सांगा. त्यात संकोच करण्यासारखे काहीही नाही. रेटिनॉलसारखी क्रीम कधी थांबवायची, हे डॉक्टरांना विचारा. चालू असलेली सर्व औषधे त्यांना सांगा, विशेषतः मुरमांसाठी घेतलेले आयसोट्रेटिनॉइन आणि डॉक्सिसायक्लिन. ओठांवर पूर्वी कधी नागीण उठली असेल तर तेही सांगायला विसरू नका, कारण लेझरमुळे ती पुन्हा उसळू शकते आणि आधीच गोळ्या सुरू केल्या तर बहुधा टाळता येते. कानापुढच्या छोट्या भागावर चाचणी करून काही आठवडे वाट पाहण्याचा आग्रह धरा. लेझर सुरू असताना डोळ्यांवर संरक्षक कवच असलेच पाहिजे.

फ्रॅक्शनल लेझर संपूर्ण त्वचा न भाजता तिच्यात अतिसूक्ष्म, एकमेकांपासून सुटे असे भाजलेले स्तंभ तयार करते आणि मधली निरोगी त्वचा ती जखम भरून काढते. पहिल्या दिवशी चेहरा लाल, सुजलेला आणि गरम लागतो. नंतर त्यावर कॉफीची पूड भुरभुरल्यासारखे बारीक तपकिरी ठिपके दिसतात आणि स्पर्श खरखरीत लागतो. हे ठिपके सुमारे आठवडाभरात आपोआप गळतात. ते नखाने काढण्याचा मोह अनेकांना आवरत नाही, आणि मी पाहिलेल्या डागांपैकी बरेचसे तिथूनच सुरू झालेले असतात. कोमट पाण्याने चेहरा हलकेच धुऊन, टिपून कोरडा करा आणि साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. सुगंधी क्रीम, लिंबू, हळद यांपैकी काहीही लावू नका. वाफ आणि घाम आणणारा व्यायामही काही दिवस नको.

त्वचा भरून आल्यावर किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन रोज लावा, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा आणि रुंद काठाची टोपी वापरा. झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन या नाजूक त्वचेला सहसा कमी झोंबते.

वेदना दिवसेंदिवस कमी होत गेल्या पाहिजेत. त्या दोन-तीन दिवसांनंतर वाढल्या, पू किंवा पाण्याचे फोड दिसले, ताप आला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.