मूल होत नाही, म्हणजे विश्वास कमी पडतो का?

लग्नाला सात वर्षे झालेले जोडपे. तिचे वय 34. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दर रविवारी चर्चमधली उपासना संपली की कोणीतरी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे आणि निघताना म्हणायचे, "ताई, अब्राहामासारखा विश्वास धर." समुपदेशनाला आल्यावर तिने विचारले ते एवढेच: "माझा विश्वास कच्चा आहे, म्हणून होत नाही का?"

अशा वेळी नुसता धीर देऊन भागत नाही. बायबलमधले उत्पत्तीचे पुस्तक उघडून सोबत वाचावे लागते. अब्राम (हाच पुढे अब्राहाम) देवाचे वंशाचे वचन घेऊन हारान शहर सोडतो तेव्हा 75 वर्षांचा आहे, त्याचा मुलगा इसहाक जन्मतो तेव्हा 100 वर्षांचा. या दोन्हींच्या मधला 15वा अध्याय तिने सावकाश वाचला. तिथे अब्राम आधी गाऱ्हाणे घालतो: मी निःसंतान चाललो, घरचा चाकर एलियेजर वारस होणार. मग सहाव्या वचनात तो विश्वास ठेवतो आणि ते त्याचे नीतिमत्त्व गणले जाते, म्हणजे देव त्याला नीतिमान मानतो. आठव्या वचनात परत विचारतो, हे मला कशावरून कळावे? देव त्याला रागावत नाही. विश्वास गणला गेला तेव्हा त्याची पत्नी सारा हिची कूस रिकामीच होती, आणि पुढे निदान 14 वर्षे तशीच राहिली. मूल होईल हे देवाचे वचन ऐकून अब्राहाम आणि सारा दोघेही हसले. बाळाचे नावच इसहाक, म्हणजे ‘तो हसतो’.

पण 25 वर्षांचा आकडा पुढे करून ‘तुम्हीही थांबा’ म्हणणे चूक आहे. ते वचन अब्राहामाला होते. प्रत्येक घरात मूल होईल असे वचन बायबल सर्वांना देत नाही, आणि समुपदेशकानेही सांगू नये.

खरी गाठ वेगळीच निघाली. तिच्या सोनोग्राफ्या, रक्ततपासण्या दोन-दोनदा झालेल्या. नवऱ्याची एकही नाही. "डॉक्टरकडे गेलो तर देवावर विश्वास नाही असं होईल," हे त्याचे म्हणणे. बायकोला पाठवताना मात्र ही अडचण आली नव्हती. त्याला उत्पत्तीतलेच दोन नवरे वाचायला दिले. इसहाकाने 40व्या वर्षी लग्न केले, जुळी झाली 60व्या वर्षी. त्याने पत्नीसाठी स्वतः विनवणी केली (25:21). राहेल "मला मुले द्या, नाहीतर मी मरेन" म्हणाली, तेव्हा तिचा नवरा, इसहाकाचा मुलगा याकोब, तिच्यावर संतापला (30:2). "तुम्ही यातले कोण?" यावर तो बराच वेळ गप्प होता.

मग ठरले ते असे. वर्षभर प्रयत्न करून गर्भ राहिला नाही तर दोघांची तपासणी एकदमच सुरू करायची असते (पत्नी 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच), म्हणून त्याने वीर्यतपासणी करायची. आधी 2 ते 7 दिवस संबंध टाळायचे. अहवालात दोष दिसला तर उपचार ठरण्याआधी तपासणी पुन्हा करायची. चारचौघांतली प्रार्थना तिला नको असेल तर पाळकांना तसे नवऱ्याने सांगायचे. रोज रात्री दहा मिनिटे दोघांनी मिळून प्रार्थना. मागणे नाही सुचले तर 15व्या अध्यायासारखे गाऱ्हाणेच घालायचे.

पहिल्या अहवालात शुक्राणूंची संख्या कमी आली. पुढच्या रविवारी कोणीतरी तिच्याकडे वळले तेव्हा तो मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "प्रार्थना आम्हा दोघांसाठी करा. तपासणी माझीही चालू आहे."