मध्ययुगीन इंग्लंडमधला कुठला बिशप तुम्हाला सगळ्यात जास्त भावतो आणि का?

कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये (म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये) मारला गेलेला आर्चबिशप थॉमस बेकेट सगळ्यांना माहीत असतो, पण मला विचाराल तर मी पश्चिम इंग्लंडमधल्या वुस्टर शहराच्या वुल्फस्टनचं नाव घेईन.

जन्म साधारण 1008 चा, इव्हशम आणि पीटरबरोच्या मठांत शिकला, मग वुस्टरच्या मठात आधी मंक म्हणजे मठवासी साधू, नंतर प्रायर म्हणजे मठाचा प्रमुख, आणि 1062 मध्ये बिशप. चारच वर्षांत उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी येऊन इंग्लंड जिंकलं. त्यांच्या राजा विल्यमने बिशपची एकेक जागा रिकामी होईल तशी आपली माणसं बसवली, हा मात्र 1095 मध्ये वारेपर्यंत पदावर होता, आणि जुन्या इंग्लिश बिशपांपैकी शेवटी तोच एकटा उरला होता.

पण मला तो भावतो ते ब्रिस्टलमुळे. तिथल्या बंदरातून तेव्हा माणसं विकली जायची हो! इंग्लंडभरातून विकत आणलेली तरणी पोरंपोरी, त्यात गरोदर बायकाही, दोरीला बांधून रांगेत उभी करायचे आणि जहाजात घालून आयर्लंडला न्यायचे. 1086 च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे विल्यमने करवलेल्या जमिनी आणि माणसांच्या पाहणीत बघा, नोंदलेल्या दहा माणसांत साधारण एक गुलाम आहे, म्हणजे लोकांना यात काही वावगंच वाटत नव्हतं. व्यापारी राजालाही जुमानत नव्हते. वुल्फस्टनने काय केलं, तर तिथे जाऊन दोन-दोन तीन-तीन महिने मुक्काम ठोकला आणि दर रविवारी लोकांना त्यांच्याच इंग्रजीत समजावत राहिला, परत परत, आणि शेवटी खुद्द ब्रिस्टलच्या लोकांनीच तो धंदा सोडला. एक जण ऐकेना तर त्याला लोकांनी शहराबाहेर हाकललं आणि त्याचे डोळे काढले, हे वाचताना मात्र अंगावर काटा येतो. माणसं विकायला बंदी करणारा चर्चचा ठराव लंडनमध्ये झाला 1102 ला, म्हणजे हा जाऊन सात वर्षं झाल्यावर.

हे सगळं त्याच्याबरोबर राहिलेल्या कोलमन नावाच्या मंकने जुन्या इंग्रजीत लिहिलं होतं, ते हरवलं, त्यावरून विल्यम ऑफ माम्सबरी या इतिहास लिहिणाऱ्या मंकने (राजा विल्यम नव्हे) केलेलं लॅटिन भाषांतर तेवढं उरलंय. त्यातलाच अजून एक प्रसंग मला विसरता येत नाही. 1084 मध्ये त्याने वुस्टरचं नवं कॅथेड्रल बांधायला घेतलं, त्याचा जमिनीखालचा भाग आजही उभा आहे. नवं तयार झाल्यावर जुनं चर्च पाडायला लागले तेव्हा हा तिथे उभा राहून रडला, म्हणाला की आधीच्या लोकांना असं भव्य बांधता येत नव्हतं पण ते देवाला स्वतःला वाहून द्यायचे, आपण नुसते दगड रचतोय.