दोन संस्थांमधील स्पर्धा आणि सहकार्य त्यांच्या लेखकांच्या शोधनिबंधांवरून अभ्यासता येते का? कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

अभ्यासता येते. सॉफ्टवेअर म्हणाल, तर कोण कोणाबरोबर लिहितो याचा नकाशा काढणारे, लायडन विद्यापीठात तयार झालेले व्हॉसव्ह्यूअर मोफत मिळते आणि तेवढे पुरते. खरे काम लेखकाच्या नावाखालचा पत्ता वाचण्याचे आहे, आणि नेमके तेच टाळले जाते.

मी नाशिकमधील एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. मूल्यांकनाच्या तयारीच्या वेळी आमच्या प्राध्यापकांच्या शोधनिबंधांची यादी समितीपुढे आली आणि तिच्यावरून, विद्यापीठाशी आमचे संशोधन-सहकार्य भक्कम आहे, असा निष्कर्ष एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी काढला. मी त्या यादीतील निबंध एकेक करून उघडले. रसायनशास्त्राच्या एका निबंधाला लेखिका एकच होती आणि तीही आमच्याच प्रयोगशाळेतील. परंतु पत्त्यात महाविद्यालयाच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न' असे लिहिलेले असल्यामुळे तिचे एकटीचे काम दोन संस्थांचे संयुक्त काम म्हणून धरले गेले होते. असे निबंध बरेच निघाले. उलट २०१४ च्या नामविस्तारापूर्वीचे, खरोखरच मिळून केलेले काही निबंध केवळ 'पुणे विद्यापीठ' या जुन्या नावामुळे मोजणीतून सुटले होते. हे मी बैठकीत मांडले, तेव्हा 'मॅडम, तुम्ही पुस्तके सांभाळा,' असे उत्तर मिळाले. तो निष्कर्ष तेव्हाही चुकीचा होता आणि आजही चुकीचाच आहे.

मोजणी करताना प्रत्येक संस्थेला पूर्ण एक निबंध द्यायचा की लेखकांच्या प्रमाणात वाटा, हे आधी ठरवा. सर्न या युरोपातील कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतील ॲटलास आणि सीएमएस हे एकमेकांशी स्पर्धा करणारे दोन गट. २०१५ साली त्यांनी आपली मोजमापे एकत्र करून हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर निबंध प्रसिद्ध केला आणि त्याला ५,१५४ लेखक होते. पूर्ण मोजणीत त्यातील एकच लेखक असलेल्या संस्थेलाही अख्खा निबंध मिळतो, म्हणून मी वाट्याची मोजणीच योग्य मानते.

स्पर्धेसाठी संदर्भसूची पाहावी लागते. अमेरिकी संशोधक केसलर यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार, दोन निबंध जितके समान संदर्भ देतात तितके ते विषयाने जवळचे असतात. संदर्भ तेच, पण एकत्र लेखन नाही, अशा संस्थांमध्ये स्पर्धा असू शकते. असू शकते एवढेच, कारण द्राक्षावरील भुरीचा अभ्यास करणाऱ्या दोन संस्था एकमेकींची दखलही न घेता तेच संदर्भ देतील. शिवाय स्कोपससारख्या शोधनिबंधांच्या सूचींमध्ये मराठीतील लेखन फारच थोडे येते, त्यामुळे भाषा आणि समाजशास्त्रांच्या विभागांबद्दल या आकड्यांवरून काहीही ठरवू नये.

नकाशा काढण्याआधी निदान पन्नास निबंधांचे पत्ते स्वतः वाचा, संस्थांच्या नावांची एकसारखी यादी ग्रंथपालाबरोबर बसून करा आणि ते काम कोणी केले, हे प्रबंधात नावानिशी लिहा.